सहा वह्या आणि एक मिक्सर

कुमुद गेल्याचं मला तिच्या लेकीनं, मृदुलानं, फोनवर सांगितलं आणि तेही इंग्रजीत. "मावशी, आई इज नो मोर." माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एवढं इंग्रजी मला कळतं. गॅसवर कुळथाचं पिठलं होतं, ते रटरटत राहिलं आणि मी फोन कानाला तसाच धरून उभी. पलीकडून तीच म्हणाली, "मावशी, आर यू देअर?" मी म्हटलं, "आहे गो, मी आहे." आणि मग त्या 'आहे'चंच मला रडू आलं… त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले ती मन मोकळं करायला बसले असं कुणी समजू नये. कुमुदबद्दल एक गोष्ट तिच्या घरात, तिच्या माणसांत चुकीची सांगितली जाते, आणि खरं काय घडलं ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. मी गेले की तेही गेलं. म्हणून लिहिते.

आमची ओळख बहारीनची. आम्ही मूळचे चिपळूणच्या बाजूचे. आमचे हे तुबलीला एका गॅरेजात मेकॅनिक होते, आणि चौऱ्याहत्तर साली मी त्यांच्या मागोमाग मनाम्यात आले. बाजाराच्या मागं एका जुन्या घरात दोन खोल्या होत्या. कुमुदचे मिस्टर पुण्याचे इंजिनियर, त्यांची गाडी आमच्या ह्यांच्याकडं दुरुस्तीला यायची. एकदा गाडी तयार व्हायला वेळ होता, तर हे त्या दोघांना जेवायलाच घेऊन आले. मी साफी मासे तळत होते. ही बाई शुद्ध शाकाहारी, नाकाला पदर लावून दारात उभी. म्हणाली, "वहिनी, तुम्ही काढा मासे, मी इथूनच बोलते." ती जी बोलायला लागली ती बारा वर्षं बोलत होती.

पुण्यात तिनं राज्यशास्त्रात एम. ए. केलेलं. इथं व्हिसा नवऱ्याच्या नावावर, नोकरी करता येत नाही. कंपनीचा फ्लॅट, गार हवेचं यंत्र, आणि दिवसभर करायला काही नाही. दुसरी बाई शिवण शिकली असती. कुमुदनं विषय काढला तो असा की आपण ज्या देशात राहतो तिथली राज्य करण्याची कल्पना मुळात कुठून आली. राजाचा हुकूम मोठा, की धर्माचा कायदा मोठा? आणि दोघांत तंटा झाला तर कुणी कुणाचं ऐकायचं? नऊशे-हजार वर्षांपूर्वी बगदादकडच्या पंडितांनी ह्यावर पानंच्या पानं लिहून ठेवलीत म्हणे. तिनं ठरवलं की हे सगळं मराठीत आणायचं. "आपल्याला आपला राजधर्म ठाऊक असतो, शेजाऱ्याचा नको का ठाऊक असायला?" असं म्हणायची.

त्यासाठी ती अरबी शिकली. अरादला एक म्हातारे गृहस्थ होते, धर्मकोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना हाजीसाहेब म्हणायचो. तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईला राहिलेले, त्यामुळं हिंदी झकास. कुमुदला एकटीनं जायला बरं वाटेना, म्हणून सोबतीला मी. त्यांच्या घरच्या बाई पण तिथंच बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ती बिनदुधाची वेलचीची कॉफी दिली, एवढ्याशा वाटीत. मी संपवली की ते पुन्हा ओतत. नाही कसं म्हणायचं म्हणून मी पीत गेले. आठवी वाटी झाली तेव्हा ते हसून म्हणाले, "बहन, बस हो गया तो प्याला हिलाओ. नहीं तो मैं डालते-डालते मर जाऊँगा." बास झालं की वाटी हलवून परत द्यायची, ही तिथली रीत. त्या दिवशी मला काही झोप आली नाही. आणि कुमुद जरा जोरात सुलतान-बिलतान म्हणायला लागली की हाजीसाहेब बोट वर करायचे. "मरे हुए सुलतान की बात करो बेटी. वो नाराज नहीं होता."

पुस्तक लिहायची तिची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यात आहे. प्रकरण लिहून झालं की गुरुवारी दुपारी ती वही घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि मोठ्यानं वाचायची. मी आत निवडत, चिरत, तळत असायची. जिथं मला कळणार नाही तिथं मी "थांब" म्हणायचं. ती समजावणार. तरी नाही कळलं तर तेवढा भाग खोडून पुन्हा लिहिणार. "इंदू, तुला कळलं तर महाराष्ट्राला कळेल." मी म्हणायची, "म्हणजे मी महाराष्ट्रातली सगळ्यात ढ?" तर म्हणायची, "ढ नाही, खट. ढ बाई मान डोलावते."

एकदा वाचत होती, कुणी अमीर, म्हणजे सरदार, बळानं एखादा मुलूख घेतो, तर खलिफानं त्यालाच नेमणुकीचं फर्मान पाठवावं, असं त्या पंडितांचं मत. मी म्हटलं, थांब. चोरी केली त्यानं, आणि वर हुकूम देतो हा? तिनं सांगितलं, खलिफाकडं त्या वेळी फौज उरलेली नव्हती. पण फर्मान गेलं की तिथले काझी, तिथली लग्नं, वारसाहक्क, सगळं कायद्यात बसतं, आणि तो दांडगा निदान नावापुरता तरी कायद्याखाली येतो. मी म्हटलं, "आलं लक्षात. सुनेनं किल्ल्या आपणच कमरेला लावल्या, की सासूनं शेजारणीला सांगायचं, मीच दिल्या गो, मला आता होत नाही." कुमुदनं पेन्सिल खाली ठेवली. "आणि सासू असं का सांगते?" "घर मोडू नये म्हणून. आणि तिचा मान राहतो." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसत सुटली. "अगं, त्यांनी हेच लिहिलंय. फक्त चाळीस पानं लावली."

तसंच काझीचं. काझीला नेमतो राजा, पण कायदा राजाचा नाही, तो राजाच्या आधीपासून आहे. राजा त्याचा राखणदार. मला ते पटलं, शेताचा राखणदार रात्रंदिवस शेतात असला म्हणून सातबारा काही त्याच्या नावावर होत नाही. काझीनं रागात असताना, भुकेला असताना, झोप आलेली असताना निकाल देऊ नये, असंही लिहिलेलं. मी म्हटलं, मग आयांनी तर कधीच निकाल देऊ नये. बाजारावर एक अधिकारी नेमलेला असायचा. मापं तपासायची, दुधात पाणी घालणाऱ्याला धरायचं, जनावरावर जास्त ओझं लादलं तर उतरवायला लावायचं. पण बंद दाराआड काय चाललंय ते त्यानं डोकावून बघायचं नाही. उघड्यावर दिसेल तेवढंच त्याचं.

आणि एक कचेरी असायची जिथं राजा स्वतः बसून आपल्याच अंमलदारांविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी ऐकायचा. कुमुदचं ते फार आवडतं प्रकरण. ती रंगून वाचत होती आणि मी कांदा चिरता चिरता म्हटलं, "गाऱ्हाणं राजाविरुद्धच असलं तर?" तिनं वहीच्या कडेला तो प्रश्न टिपून घेतला. पुढच्या आठवड्यात अरादला जाऊन तिनं तेच हाजीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नौ सौ साल से यही तो पूछ रहे हैं." बहुतेक पंडितांनी सांगून ठेवलंय की सोसा, कारण राजा नसण्याची भीती वाईट राजापेक्षा मोठी. काहींनी म्हटलंय की पापाचा हुकूम कुणाचाही असो, पाळायचा नाही. मला सोसा म्हणणाऱ्यांचा राग आला, आणि माझा तो राग कुमुदनं समजून घेतला. त्या प्रश्नावर तिनं अख्खं प्रकरण लिहिलं, सर्वांत मोठं. वर लिहिलं, 'इंदूचा प्रश्न'. म्हटलं, बाई, नाव खोड, लोक हसतील. नाही खोडलं.

सात-आठ वर्षांत अशा सहा जाड वह्या झाल्या. सगळं हातानं, पेन्सिलीनं आणि नंतर शाईनं, आणि प्रत एकच. ब्याऐंशी साली तिच्या पुण्याच्या सरांनी कळवलं की आणून द्या, वाचतो, छापण्यासारखं असलं तर मी बघतो. नेमकी त्या वर्षी तिच्या मिस्टरांना रजा नव्हती. आम्हाला होती, दोन वर्षांनी मिळालेली, दोन महिन्यांची. कुमुदनं वह्या आपल्या जुन्या इरकली साडीच्या तुकड्यात बांधून माझ्याकडं दिल्या. चिपळूणहून पुण्याला जायचं आणि सरांच्या हातात द्यायच्या. "इंदू, तुझ्याच हातून जाऊ दे, तुझा हक्क आहे."

आता आखातातून गावी जाणं म्हणजे काय, ते गेलेल्यालाच माहीत. गॅरेजातल्या दहाजणांची पार्सलं माझ्या बॅगेत. कुणाची बायकोसाठी साडी, कुणाचं लेकरासाठी दुधाच्या पावडरीचं डबडं, कुणाचं आईसाठी ब्लँकेट. आणि माझा स्वतःचा एक जपानी मिक्सर, नणंदेच्या लग्नासाठी. विमानतळावर वजन केलं तर जास्त भरलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, काढा. मला त्यातही बाजारावरच्या अधिकाऱ्याची आठवण होऊन हसू आलं, आता हा माझं ओझं उतरवणार… आम्ही तिथंच फरशीवर बॅग उघडली. पार्सलं काढायची नाहीत, ती गरिबांची अमानत. उरलं काय, मिक्सर आणि वह्या. हातातल्या पिशव्याही गच्च भरलेल्या, मागं रांग लागलेली. हे म्हणाले, लवकर कर. मी वह्या काढल्या.

लपवत नाही, माझ्या मनात त्या क्षणी आलं ते हे, की लग्नाची तारीख ठरलीय, पुस्तकाला कुठं तारीख आहे? आठ वर्षं थांबलंय, अजून दोन महिने थांबेल. आम्हाला सोडायला गॅरेजचा ड्रायव्हर आला होता. गाठोडं त्याच्या हाती दिलं, म्हटलं, आत्ताच्या आत्ता कुमुदताईंच्या घरी नेऊन दे. तो हो म्हणाला. आता कुमुदला संध्याकाळी कळेलच, असं धरून मी विमानात बसले. खरं तर गावाहून एक पत्र टाकायला हवं होतं. दोनदा कागद घेतला. पण काय लिहायचं, मिक्सर आणला म्हणून? नाही टाकलं.

ड्रायव्हर गाठोडं घेऊन गॅरेजात गेला आणि फळीवर ठेवलं, जाताना नेऊ म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्याला सौदीकडच्या पुलाच्या कामावर घेतलं, तो तिकडं राहायलाच गेला, आणि त्याच्या डोक्यातून ते निघून गेलं. महिन्याभरानं मालकानं गॅरेज रंगवायला काढलं. फळ्यांवरचं जुनंपानं सगळं उचलून टाकलं. आमचे हे तिथं असते तर त्यांनी ओळखलं असतं. ते माझ्याबरोबर लग्नात पंगती वाढत होते.

परत आले त्या दिवशीच मी ह्यांना घेऊन कुमुदकडं गेले. तिच्या हातात सरांचं पत्र होतं, वह्या अजून पोचल्या नाहीत म्हणून. तिला वाटलं मी आजारी-बिजारी पडले की काय. "बरी आहेस ना?" हेच पहिलं विचारलं. तिला वह्या आणून दिल्याच नव्हत्या हे मला तिथं कळलं. तसेच हे तुबलीला धावले. दोन तासांनी परत आले ते दारातच थांबले, आत येईनात. मग मी सगळं सांगितलं. वजन, बॅग, फरशी. कुमुद ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मिक्सर कुणासाठी होता?"

"नणंदेच्या लग्नासाठी."

"चांगला चालतो का?"

मी म्हटलं, चालतो. ती उठून खिडकीशी गेली. पाठ माझ्याकडं. म्हणाली, "इंदू, आज मी काही बोलणार नाही. रागात असताना निकाल द्यायचा नाही, आपण लिहिलंय ना. तू गुरुवारी ये."

'आपण' म्हणाली ती. मला शिव्या चालल्या असत्या, ते 'आपण' नाही सोसलं.

गुरुवारी गेले. तिनं चहा केला, मृदुलाच्या शाळेचं बोलली, कुणाच्या बारशाचं बोलली. मी वाट बघत बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मग मीच म्हटलं, "कुमुद, मी प्रत्येक प्रकरण दोन-दोनदा ऐकलंय. मी सांगते, तू लिही." तिचा चेहरा एकदम उजळला. नवी वही काढली. आता उलटं झालं, मी बोलायची आणि ती उंबऱ्यावर बसून लिहायची. सासू-सून आठवत होती, काझी आठवत होता, दुधातलं पाणी आठवत होतं. पण कोणत्या पंडितानं कुणाला काय उत्तर दिलं, कोणतं मत आधीचं, कोणतं नंतरचं, हे मला कुठलं आठवायला? आणि कुमुदची टिपणंही त्या वह्यांतच गेली होती. अडीच-तीन महिने असं चाललं. हाजीसाहेबही तोवर अंथरुणाला खिळले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. एके दिवशी तिनं लिहिलेलं चाळून पाहिलं आणि वही हळूच मिटली. आवाजात राग नव्हता. "इंदू, हे छान आहे. पण हे तुझं पुस्तक झालं. माझं नाही." त्यानंतर पुस्तकाचा विषय आमच्यात निघाला नाही. शहाऐंशीत ते लोक पुण्याला परतले, आम्ही आणखी चार वर्षांनी गावी आलो. पत्रं होती, फोन होते, वर्षाकाठी एकदा भेट. दर भेटीत मला वाटायचं, आज बोलेल. ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची.

चौदाव्या दिवशी पुण्याला त्यांच्या घरी माणसं जमली होती. मृदुला आईबद्दल बोलायला उभी राहिली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. आईला सगळ्याची कशी आवड होती, कशी तिनं म्हातारपणी चित्रं काढायला घेतली, हे सांगून म्हणाली, "पण पूर्ण काही करायची नाही हं. बहारीनला इस्लामी राजनीतीवर पुस्तक लिहायला घेतलं होतं, कित्येक वर्षं. मग बोअर झाली. ती स्वतःच सांगायची, मीच सोडलं गं, मला कंटाळा आला." लोक हलकेच हसले. प्रेमानंच हसले. मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

माणसं गेल्यावर मी मृदुलाला कुमुदच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. पन्नाशीला आलेली बाई, पण बसणं अगदी लहानपणचं. चादरीची सुरकुती हातानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "डॅडना माहीत होतं?"

"मला नाही ठाऊक."

"नव्हतं. ही यूज्ड टू टीज हर. आम्ही सगळेच चिडवायचो." मग खाली बघत म्हणाली, "मी शाळेत मराठी सोडून फ्रेंच घेतलं, तेव्हा आई खूप चिडली होती. मी तिला म्हटलं, तू तरी काय पूर्ण केलंस?"

"मग?"

"शी सेड, खरंय तुझं."

चाळीस वर्षं मी निकालाची वाट पाहिली. तो तिनं केव्हाच दिला होता, स्वतःविरुद्ध, आणि मला कळवला नव्हता. माझं नाव एका शब्दानं कुठं येऊ दिलं नाही. घरच्यांचं हसणं सोसलं, नवऱ्याचं, लेकीचं. तर आता मी माझ्या तोंडानं सांगते, कुमुदनं पुस्तक सोडलं नव्हतं. तिला कंटाळा आला नव्हता. तिचं पुस्तक लिहून पूर्ण झालं होतं, आणि ते मी हरवलं.

मृदुला मला त्या दिवशी माफ करते असं काही म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. पण त्यानंतरच्या रविवारी चार वाजता तिचा फोन आला. "मावशी, त्यात काय होतं ते सांग. फ्रॉम द बिगिनिंग. मी रेकॉर्ड करते." तेव्हापासून दर रविवारी मी सांगते. तिला मराठी वाचता येत नाही धड, पण ऐकून सगळं कळतं, उत्तर अर्धं इंग्रजीत देते. परवा मी राजाच्या गाऱ्हाण्याच्या कचेरीचं सांगत होते. बोलता बोलता एक वाक्य असं आलं की मलाच शंका आली, हे कुमुदनं लिहिलेलं, की इतक्या वर्षांत माझ्याच मनानं घातलेलं? मी थांबले. आपसूक दाराच्या उंबऱ्याकडं बघितलं. फोनमधून मृदुला म्हणाली, "गो ऑन मावशी, मला कळतंय."

कळत होतं तिला. पण ते बरोबर आहे का, हे विचारायला आता कुणी नाही… मी तसंच पुढं सांगत गेले.